घोडीच्या पायाला पट्टी बांधू का, आणि बांधून सारंगखेड्याला नेऊ का?

शिरूर तालुक्यातल्या एका सव्वीस वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय, नाव-गाव काढून थोडक्यात देते. घरी बैलगाड्याची बैलं आहेत आणि बैलांच्या पुढे पळणारी सात वर्षांची घोडी आहे, मारवाडी रक्ताची. मे महिन्यात शर्यतीच्या एका घाटात (म्हणजे धावपट्टीवर) बारी, म्हणजे एक धाव, संपता संपता ती पुढच्या डाव्या पायाने लंगडली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागचा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, आतून फाटलाय म्हणाले, पुढच्या वर्षापर्यंत पळवायचं नाव काढू नका म्हणाले. पावसाळा तबेल्यातच गेला, सूज उतरली, आता महिनाभर रोज हाताने धरून फिरवणं चालू आहे. पण सकाळी पाय थोडे भरल्यासारखे दिसायचे म्हणून याने मोबाईलवर अमेरिकेतला एक व्हिडिओ बघितला, मेडिकलमधून क्रेप बँडेज आणलं आणि रात्री दुखऱ्या पायाला चांगलं आवळून बांधलं. सकाळी सोडलं तर टेंडनवर दोन बोटं रुंद उंचवटा, हाताला गरम. वडील म्हणाले मोकळा पाय बरा होता, तूच वाट लावलीस, आता डाग (तापल्या लोखंडाचा चटका) दिल्याशिवाय काही खरं नाही. तिकडे चुलत्यांचं ठरलंय की दत्तजयंतीला घोडी सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकायला न्यायची. वाचक विचारतो, ताई, पट्टी बांधायची बरोबर पद्धत कोणती, पिकअपमधून चारशे किलोमीटर नेताना पायांना काय बांधू, ऑनलाइन ट्रॅव्हल बूट मिळतात ते घेऊ का, आणि वडिलांना कसं पटवू? आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिल्यासारखं: "काका म्हणतात पट्टी बांधून नेली की गिऱ्हाइकाला काय कळतंय."

---

अरे बाबा, आधी तो उंचवटा. बाकी सगळं नंतर.

तू पत्र लिहिलंस त्याला चार दिवस झालेत, त्यामुळे हे वाचत असशील तेव्हा डॉक्टर येऊन गेले असतील अशी आशा आहे, नसतील आले तर आजच फोन लाव आणि ज्यांनी मे महिन्यात सोनोग्राफी केली त्यांनाच बोलव, कारण त्यांच्याकडे जुना फोटो आहे आणि नवीन फोटो त्याच्याशेजारी ठेवूनच कळणार आहे की काय झालंय. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे नुसत्या पट्टीच्या दाबाने कातडी आणि टेंडनभोवतीचा भाग सुजलाय, याला रेसकोर्सवर बँडेज बो म्हणतात, वेळेत लक्षात आलं तर बहुतेक वेळा निभावतं. दुसरी म्हणजे आतली जुनी जखम परत उघडलीय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मी पंधरा-सोळा वर्षं पुण्यात घोड्यांच्या पायांना हात लावण्यात घालवली तरी मला नुसत्या बोटांनी सांगता येणार नाही, आणि जो कोणी फोटो बघून छातीठोक सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. तोपर्यंत पट्टी नको, मालिश नको, फिरवणं बंद. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा-वीस मिनिटं नळाचं गार पाणी पायावर सोड, तेवढंच.

आता तुझ्या जिवाला लागलंय ते. मी पण हे केलंय. नवीन नवीन होते, एका तबेल्यात संध्याकाळी सहा घोड्यांना पट्ट्या बांधायच्या होत्या, घरी जायची घाई, शेवटच्या घोड्याला कापूस कमी पडला तर मी तशीच दोन वेढे जास्त मारून बांधली. सकाळी सोडली तेव्हा तुझ्यासारखाच उंचवटा. तिथले म्हातारे सायस (घोडे सांभाळणारे) काही ओरडले नाहीत, त्यांनी फक्त माझ्या मनगटावर तीच पट्टी तशीच बांधली आणि म्हणाले आता चहा पिऊन ये. चहा होईपर्यंत बोटं निळी पडायला लागली होती. तू हे आजच करून बघ, कापूस न लावता क्रेप बँडेज जसं तिला बांधलंस तसं स्वतःच्या मनगटावर बांध आणि अर्धा तास बस. मग माझं पुढचं बोलणं लवकर कळेल.

घोड्याच्या पायात गुडघ्याच्या खाली मांस नाहीच. आपल्या पोटरीला कशी गादी असते तसं काही नाही, कातडी, तिच्या लगेच खाली दोरीसारखे टेंडन आणि लिगामेंट, आणि हाड, संपलं. (आपल्याकडे "नस गेली" म्हणतात पण ती रक्ताची नस नव्हे, हा टेंडनच.) त्यामुळे पट्टी कुठे एका जागी घट्ट बसली, एखादी घडी पडली, गाठ टेंडनवर आली, की तो सगळा दाब थेट त्या दोरीवर जातो, मध्ये झेलायला कोणी नाही. म्हणून कापसाची जाड गादी हीच खरी पट्टी आहे, वरची पट्टी फक्त ती गादी जागेवर धरायला असते. व्हिडिओत ती बाई आधी जाड पांढरं काहीतरी गुंडाळते ते तू पाहिलं असशील पण मेडिकलमध्ये ते मिळालं नाही म्हणून सोडून दिलंस, बरोबर ना? तिथेच चुकलं.

पण पद्धतीच्या आधी मला तुझी एक समजूत जरा हलवून बघायची आहे. पत्रात तू तीनदा लिहिलंयस की "पट्टीने टेंडनला आधार मिळेल." नाही मिळत रे. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर, त्यातलं साठ टक्के वजन नुसतं उभं असताना पुढच्या दोन पायांवर, आणि चौखूर पळताना एका पुढच्या पायावर क्षणभर अंगाच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो. त्याला दीडशे रुपयांचं क्रेप काय आधार देणार? वरून आवळल्याने आतली दोरी काही ताणायची थांबत नाही. पट्टी काय करते ते साधं आहे: रात्रभर उभं राहून पाय भरतो ते थोडं कमी करते, जखम झाकते, औषध जागेवर ठेवते, उबेत ठेवते, आणि बाहेरून लागणारा मार झेलते. एवढंच. हे सगळं कामाचं आहे, पण यातलं कुठलंही "आधार" नाही. आणि आधार मिळतो असं मनात बसलं की माणूस आपोआप जास्त आवळतो, तेच तुझं झालं.

मग पाय भरायचे त्याचं काय? तू "पाय भरल्यासारखे" असं लिहिलंयस, एक पाय की सगळे पाय, हे लिहिलं नाहीस, आणि उत्तर सगळं त्याच्यावर आहे. घोडा दिवसभर चालणारं जनावर, चालताना खुरातून आणि सांध्यांच्या हालचालीतून रक्त आणि पाणी वर ढकललं जातं, बांधून ठेवला की ते खाली साचतं. दोन किंवा चारी पाय सारखे भरलेत, हाताला गार आहेत, दाबलं तर घोडी पाय ओढत नाही, आणि दहा मिनिटं फिरवल्यावर उतरतंय, तर ते उभं राहिल्याचं भरणं आहे, त्याला पट्टीपेक्षा दिवसातून एकदाऐवजी दोनदा फिरवणं बरं, अर्थात डॉक्टरांनी जेवढी मिनिटं सांगितलीत तेवढ्यातच वाटून. पण एकच पाय, तोही दुखरा, गरम, आणि फिरवल्यावर वाढतोय, तर ते पाय सांगतोय की आजचं चालणं जास्त झालं. अशा वेळी रात्री पट्टी बांधली तर सकाळी सूज कमी दिसेल, तुला बरं वाटेल, तू परत तेवढंच फिरवशील, आणि पाय जे सांगत होता ते तू ऐकलंच नाहीस असं होईल. मला पट्टीची सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, ती आवळल्याने होणाऱ्या इजेपेक्षा पण जास्त, की ती पाय झाकते.

म्हणून तुझे वडील चुकीचं बोलत नाहीयेत. "मोकळा पाय बरा" यात बरंच तथ्य आहे, खास करून आपल्याकडच्या हवेत. व्हिडिओतला तबेला थंड प्रदेशातला, कोरडा, खाली भुसा टाकलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात पट्टीखाली पाय तापतो, आणि टेंडनला उष्णता मानवत नाही, पळताना त्याचा गाभा आपोआपच ४५ अंशांपर्यंत तापतो म्हणून तर तो आतून कमजोर होत जातो असं मानतात. पावसाळ्यात ओली पट्टी सुकताना काही कापडं आवळतात, आणि खाली कातडी भिजून फोड येतात. गोमाश्या चावल्या की घोडी पाय आपटते, आपटला की पट्टी घसरते, घसरलेली पट्टी खाली जाऊन एका जागी दोरीसारखी आवळते. तेव्हा रोज रात्री पट्टी बांधायलाच पाहिजे असं काही नाहीये, डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढे दिवस.

डाग मात्र नको. यावर मी वडिलांशी फोनवर पण बोलायला तयार आहे. डाग देण्यामागे जुना विचार असा की नवीन आग लावली की रक्त धावतं आणि जुनं दुखणं बरं होतं. खरं काय होतं तर डाग दिल्यावर घोडा काही महिने वापरायचा नाही असं असायचं, आणि तो त्या सुट्टीने सुधारायचा, श्रेय डागाला मिळायचं. सुट्टी तर तू देतोच आहेस. भाजलेल्या कातडीचा त्रास वरून कशाला.

आणि "वडिलांना पटवू कसं" हा प्रश्न मला जरा उलटा वाटतो. त्यांना पटवू नकोस, कामाला लाव. तुझे वडील आयुष्यभर जनावरांच्या पायांवरून हात फिरवत आलेत, त्या हाताला जे कळतं ते तुला अजून कळत नाही, माफ कर. रोज सकाळी फिरवायच्या आधी आणि रात्री, दोन्ही पुढच्या पायांवरून एकाच वेळी हात फिरवायचा, डाव्या हातात डावा, उजव्यात उजवा, गुडघ्यापासून खुरापर्यंत, गरम आहे का, जाड आहे का, दाबल्यावर कान मागे जातात का. हे काम त्यांना दे. वही तू धर, तारीख टाकून दोन शब्द लिही. पंधरा दिवसांत घरातली निम्मी भांडणं कमी होतील असा माझा अंदाज आहे कारण मग बोलायला मत नाही, वही असते.

बरं, पद्धत. तुलाच नाही, ज्यांना खरंच बांधावी लागते अशा सगळ्यांसाठी सांगते, सविस्तर सांगते.

पाय स्वच्छ आणि पूर्ण कोरडा. खाली बाम, मालिशचं तेल, गरम पडणारं कुठलंही औषध लावून वर पट्टी बांधायची नाही, कोंडलं की कातडी भाजते, मी अक्षरशः सोललेले पाय बघितलेत. मग गादी. बाजारात घोड्यांच्या पट्टीखालच्या शिवलेल्या गाद्या मिळतात, नाही मिळाल्या तर कापसाचा मोठा रोल घे, मेडिकलमध्ये अर्धा किलोचा मिळतो, त्याचा पायाभोवती फिरवल्यावर सगळीकडून सारखा एक इंच तरी जाड थर झाला पाहिजे. जुन्या मऊ गोधडीचा तुकडा पण चालतो, पण त्यात एक मेख आहे, गोधडीला जाड शिवणी आणि ठिगळं असतात, ती टेंडनवर आली की तिथेच दाब बसणार, तेव्हा अशी जागा शोध जिथे हात फिरवला तर काहीच लागत नाही. गादी गुडघ्याच्या लगेच खालपासून खुराच्या वरच्या सांध्याला पूर्ण झाकून खालपर्यंत यायला हवी, अर्ध्या सांध्यावर संपली की तिथे काप पडतो.

गादीची सुरुवात पायाच्या आतल्या बाजूला, हाडाच्या सपाट जागेवर, टेंडनवर नाही. तिथून हाडाच्या पुढून बाहेरच्या बाजूला, आणि मागून फिरून आत. म्हणजे वरून बघितलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या काट्याच्या उलट आणि उजव्या पायाला काट्याप्रमाणे. या दिशेवरून तबेल्यांत मारामारीची वेळ येते, माझं मत विचारशील तर दिशा पाळावी पण दाब सगळीकडे सारखा असणं त्याच्या दहापट महत्त्वाचं. वरची पट्टी रुंद घे, पाच-सहा इंची, फार ताणणारी नको, फलालीनची असली तर उत्तम, क्रेपच असेल तर ते पूर्ण ताणून बांधायचं नाही, रोल हातात सैल उलगडत न्यायचा. नळीच्या मध्यावर सुरुवात कर, खाली जा, सांध्याच्या खालून घे, परत वर ये, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला. ओढायचं असेल तर हाडावर ओढ, मागे टेंडनवर येताना नुसतं सोबत जायचं. वर आणि खाली अर्धा इंच गादी बाहेर दिसली पाहिजे. शेवट बाहेरच्या बाजूला, पुढे किंवा मागे नाही. वर चिकटपट्टी लावायची तर तुकडा लाव, गोल फिरवून आवळू नकोस, कितीतरी सुंदर पट्ट्या शेवटच्या त्या चिकटपट्टीने नासल्यात. झाल्यावर वरून एक बोट सरकलं पाहिजे, जोर न लावता, आणि पट्टी खाली घसरता पण कामा नये.

एका पायाला बांधली तर जोडीच्या दुसऱ्या पायाला पण बांध, कारण दुखरा वाचवायला ती चांगल्यावर जास्त वजन टाकते आणि तोही भरतो. बारा तासांच्या वर ठेवायची नाही, सोडून पाय बघायचा, हाताने चोळायचा, मग लागली तरच परत. आणि पहिल्यांदा बांधताना रात्री बांधून झोपायला जायचं नाही! दिवसा, तू समोर असताना, तासभर, मग सोडून बघ, कुठे खूण पडलीय का. आधी आठवडाभर चांगल्या पायावर हात बसू दे.

आता प्रवास.

तुझ्या व्हिडिओतला ट्रेलर म्हणजे बंद डबा, मध्ये पार्टिशन, खाली रबर, मागून उतार. आपला पिकअप म्हणजे पत्र्याचा तळ, बाजूला बांबू, आणि चढवायला कुठेतरी मातीचा धक्का. दोन्हीकडे घोडा तोच असला तरी मार वेगवेगळ्या जागी लागतो. तिथे सगळं बघितलेलं असल्याने लोक पायाला काय बांधायचं यावर चर्चा करू शकतात, आपल्याकडे पायाखाली काय आहे हा पहिला प्रश्न. गाडीत पाय जखमी होतात ते मुख्यतः घसरून, ब्रेक लागल्यावर स्वतःच्याच दुसऱ्या पायाचा नाल खुराच्या वरच्या मऊ कडेवर किंवा टाचेवर पडून, आणि चढता-उतरताना गाडी आणि धक्का यांच्यातल्या फटीत पाय जाऊन. यातल्या घसरण्याला आणि फटीला जगातलं कुठलंही बँडेज उपाय नाही. तळाला रबराची चटई, गोठ्यात टाकतात तीच, तिच्यावर वाळू किंवा ओलसर भुसा. उसाचं सुकं पाचट नुसतं पत्र्यावर टाकतात ते तर घसरगुंडीच. फटीवर जाड फळी, एक माणूस फक्त त्या फळीकडे बघायला.

गाडीतली पट्टी ही तबेल्यातल्या पट्टीपेक्षा वेगळी, ती मार झेलायला असते, म्हणून तिची गादी आणखी खाली, खुराची कडा आणि टाच झाकून जायला हवी. जी पट्टी सांध्यापाशीच संपते ती नेमकी जिथे नाल लागतो ती जागा उघडी ठेवते. ट्रॅव्हल बूट घेऊ का म्हणतोस, तर ते बहुतेक मोठ्या विलायती घोड्यांच्या मापाचे असतात, आपल्या मारवाडीच्या बारीक नळीवर फिरतात, फिरून खाली आले की तीच त्यावर पाय देऊन पडते. खुराभोवती बसणारे रबरी बेल बूट मिळतात ते स्वस्त पडतात आणि मापात मिळाले तर माझ्या मते तुमच्यासारख्यांना तेच जास्त उपयोगी. आणि काहीही असो, चारी पायांना बांधून आधी तबेल्यात चालवून बघ, मग उभ्या पिकअपमध्ये चढवून बघ. मागच्या पायांना पहिल्यांदा काही बांधलं की घोडे लाथा झाडतात, हे रस्त्यात सुरू झालं तर काय होईल विचार कर. सवय नसलेल्या घोडीला ऐनवेळी बांधण्यापेक्षा चांगल्या तळावर उघड्या पायांनी नेलेली परवडली. हे ऐकून पुण्यातले माझे काही मित्र भांडायला येतील, येऊ देत.

पायाच्या वर पण घोडा असतो हे सगळे विसरतात. डोकं उंच आवळून बांधून दहा-बारा तास नेलं तर नाका-घशातली घाण खाली पडत नाही, ती फुफ्फुसात जाते आणि दोन दिवसांनी ताप येतो, कधी न्यूमोनिया. दोरी एवढी ठेव की मान खाली घालता येईल पण पाय अडकणार नाही. तीन-चार तासांनी थांबायचं, पाणी पाजायचं, डोकं पूर्ण खाली सोडून गवत खाऊ द्यायचं. पाय फाकवून उभं राहायला जागा, कारण तोल ती पाय पसरून सांभाळते. ड्रायव्हर कांदे नेताना जसा चालवतो तसाच घोडी नेताना चालवणार असेल तर त्याला रिकामी बादली पाण्याने भरून मागे ठेवायला सांग आणि म्हण, ही सांडली नाही पाहिजे. पोचल्यावर आधी पट्ट्या सोडायच्या, पाय बघायचा, हळूहळू फिरवायचं. बांधलेल्या तशाच ठेवून माणसं जेवायला जातात ते नको. आणि डॉक्टरांचं प्रवासाला फिट असल्याचं सर्टिफिकेट, जनावरांच्या वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत ते लागतंच, लोक काढत नाहीत ती गोष्ट वेगळी. ग्लँडर्सची (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाची) रक्ततपासणी कुठे कुठे मागतात, तेही निघायच्या बरेच दिवस आधी विचारून ठेवायचं, कारण ती लगेच होत नाही.

हे सगळं मी लिहिलं ते कधीतरी धडधाकट घोडी नेशील म्हणून. या घोडीला या वर्षी नेऊ नकोस.

बघ ना, टेंडन फाटल्यावर तिथे जे नवीन भरून येतं ते मूळच्यासारखं लवचिक नसतं, आणि ते तरी नीट बसायला आठ-नऊ महिने ते वर्ष लागतं. तुझे दत्तजयंतीपर्यंत सात होतात, त्यात हा नवीन उंचवटा. आणि गाडीत "उभीच तर राहायचंय" असं जे वाटतं ते खरं नाही, चालत्या गाडीत घोडा एक मिनिट पण स्वस्थ उभा नसतो, प्रत्येक वळणाला, प्रत्येक ब्रेकला पाय काम करत असतात, शिरूर ते सारंगखेडा नगर-धुळे करत जायचं म्हणजे सगळा दिवस तिचा व्यायामच. तिथे पोचल्यावर तापीच्या काठची थंडी, गर्दी, आणि गिऱ्हाईक आलं की पहिलं काय म्हणतं? चाल दाखवा. रेवाल (मारवाडी घोड्याची खास चाल) दाखवा. म्हणजे जे डॉक्टरांनी पुढच्या वर्षापर्यंत बंद केलंय तेच, कडक जमिनीवर, दिवसातून दहा वेळा.

आणि तुझ्या काकांची ती ओळ. तू ती शेवटी टाकलीस, प्रश्न म्हणून नाही टाकलीस, पण मला वाटतं पत्र तू तिच्यासाठीच लिहिलंस. तुला ते पटलेलं नाही आणि घरात बोलता येत नाहीये, होय ना? काकांना वाईट माणूस ठरवायची गरज नाही, सहा महिने घोडी नुसती खातेय, हरभरा आणि चाऱ्याचा खर्च कुणाला चुकत नाही, आणि तिच्याशिवाय गाडा पळत नाही म्हणून दुसरी घ्यायची तर पैसा लागणारच. पण त्यांचा हिशोब व्यवहाराने पण चुकलाय. सारंगखेड्यात घेणारे पिढीजात घोडेवाले असतात, गुजरात-राजस्थानपासून येतात, पट्टी दिसली की ते पहिल्यांदा तीच सोडायला लावतात, बाकी भोवरे आणि देवमण (शुभ-अशुभ मानल्या जाणाऱ्या केसांच्या खुणा) नंतर. एका पायाची पट्टी म्हणजे तिथे पाटी लावल्यासारखंच आहे. भाव पडेल, आणि तुमच्या दावणीचं नाव जाईल ते वेगळंच, पुढच्या वर्षी चांगली घोडी नेली तरी लोक तिचा पाय चारदा दाबून बघतील. आणि समजा एखादा नवखा फसलाच, तर तो तिला दुसऱ्या दिवशी पळवणार. पुढे काय होईल ते तुला माहितीय.

काकांना सरळ नाही म्हणण्यापेक्षा हातात काहीतरी घेऊन जा. एक, सोनोग्राफी परत होणारच आहे, तो रिपोर्ट त्यांच्यासमोर डॉक्टरांच्या तोंडून ऐकव, तुझ्या तोंडून नको. दोन, यात्रेला काकांनी जरूर जावं, घोडीशिवाय. बाजार बघावा, भाव काढावेत, ओळखी कराव्यात, पुढच्या दत्तजयंतीला ती बरी असेल तर न्यायची. तीन, विकायचीच असेल तर जवळपास ओळखीत, रिपोर्ट दाखवून, पैदाशीसाठी म्हणून विका, भाव कमी येईल पण येईल. चार, पैदास तुम्हीच करा, पण गाभण घोडीचं शेवटच्या महिन्यांतलं वजन त्याच पायावर येणार आहे, तेव्हा कधी भरवायची हे डॉक्टरांना विचारूनच. आणि परत बैलांपुढे पळवायची का, याचा निर्णय तुम्ही आत्ता घेऊच नका. एकदा गेलेला टेंडन परत जायची भीती कायमची असते, चढाच्या घाटावर तर फारच. शर्यती परत सुरू झाल्यापासून मला बैलांच्या औषधपाण्याबद्दल विचारणारे दहा आणि पुढच्या घोडीबद्दल विचारणारा एखादाच भेटतो, तू विचारलंस याचं मला बरं वाटलं.

जाता जाता लग्नाच्या घोड्या ठेवणाऱ्यांसाठी, कारण आता सीझन येतोय. पायाला लाल-सोनेरी पट्ट्या बांधता त्या दिसायला छान दिसतात, माझी काही तक्रार नाही, पण दुपारी चारला बांधलेल्या रात्री एकपर्यंत, खाली कापूस नाही, वर जरीची किनार, आणि एका वरातीनंतर दुसरी वरात. वरात संपली की नवरदेव उतरतो तशी पट्टी पण उतरली पाहिजे. आणि माथेरानवरून ज्यांनी विचारलं होतं त्यांना, दगडी चढावर कामाच्या वेळी बँडेज बांधू नका, खडे आत जातात, पायाला लागतंय तर नालबंदाला दाखवा, बऱ्याचदा दोष खुराच्या मापात असतो.

सोनोग्राफी झाली की कळव. पायाचा फोटो पाठवशील तर पट्टीशिवाय, बाजूने, सकाळच्या उजेडात, आणि दोन्ही पाय एकाच फोटोत.